डॉन्लनचा बुरूज आणि दीड इंचाची पायरी

शॉमबर्ग, अमेरिका, १२ एप्रिल १९८७

तीर्थरूप प्रतापदादांस, धाकट्या श्रीरंगचा वाकून नमस्कार.

इकडे मी आणि शरयू बरे आहोत. तुमचे गुडघे आणि वहिनींचं ब्लडप्रेशर यांची खबर आपल्या सुनेत्राताईकडून कळते, कारण सांगलीच्या वास्तुशांतीनंतर अकरा वर्षांत तुम्ही मला चार ओळी लिहिलेल्या नाहीत. (भरल्या पंगतीत खिशातून फूटपट्टी काढून तुमच्या नव्या जिन्याची एक पायरी बाकीच्यांपेक्षा दीड इंच उंच आहे हे मी जाहीर केलं, ते चुकलं. पण होती दीड इंच.) असो. उत्तराची अपेक्षा नाही. सहज एक गंमत कळवतो.

आमचे शेजारी डॉन्लन म्हणजे रिटायर्ड पोस्टमन. पहिल्या हिवाळ्यात बर्फात रुतलेली आमची गाडी या माणसाने न बोलावता येऊन फावड्याने मोकळी केली. त्यांचे पूर्वज आयर्लंडचे. मागच्या वर्षी तिकडे जाऊन ते पूर्वजांचा पडका बुरूज बघून आले आणि मार्चात आमच्यासह वीस पाहुण्यांना बेसमेंटमध्ये स्लाइड्स दाखवायला बसले. टॉवर हाउस म्हणतात त्याला. चार-पाचशे वर्षांपूर्वी तिकडच्या लहानसहान सरदारांनी असे शेकड्यांनी बांधले. खोलीवर खोली रचलेली, भिंती चार-चार हात जाड, आणि दारातून आत शिरणाऱ्याच्या डोक्यात धोंडा घालायला छतात खास भोक. (पाहुणचार म्हणावा तर असा.) कमान बांधताना खाली काटक्यांच्या चटया धरत. चटया केव्हाच कुजल्या, पण त्यांची वीण छताच्या चुन्यात अजून दिसते. दादा, मी पंचवीस वर्षं स्लॅब ओततोय. पण सरदाराचं नाव पुसलं गेलं आणि चटई विणणारीची बोटं राहिली, हे पाहून मला अगदी भरून आलं.

तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर मी श्रीरंग कसला! पुढची स्लाइड गोल जिन्याची. असे जिने बहुधा चढताना उजवीकडे वळतात. वरून लढणाऱ्याच्या तलवारीच्या हाताला मोकळीक मिळावी म्हणून, असं सांगतात. हा वळत होता डावीकडे. मी उठलो, पडद्यावर बोट ठेवलं आणि सगळ्यांसमोर निकाल दिला की हा जिना मूळचा नाही, मागाहून कोणीतरी नकली बांधलाय. डॉन्लन ‘आय सी’ म्हणाले आणि त्यांनी प्रोजेक्टर बंद केला.

घरी येताना शरयू म्हणाली, “अहो, स्लाइड उलटी घातली होती. जिन्याजवळच्या पाटीवरची अक्षरंसुद्धा उलटी दिसत होती की.” मग तेव्हाच का नाही सांगितलंस? तर म्हणे, तुम्ही एकदा सुरू झालात की मधे शिरायला जागा असते का?

डॉन्लननी मला पाहून हात हलवणं बंद केलं. तीन आठवडे आम्ही ड्राइव्हवेत समोरासमोर येऊन आपापली टपालपेटी न्याहाळत होतो. ‘सॉरी’ मी इथे दिवसातून पन्नास वेळा म्हणतो, कोपर लागलं तरी. खरं म्हणायची वेळ आली तेव्हा मात्र घशातून निघेना. लाज वाटत होती हो, दुसरं काय! शेवटी शरयूने पुरणपोळ्यांचा डबा हातात कोंबून मला घराबाहेर काढलं. डॉन्लननी दार उघडलं. मी म्हणालो, “आय वॉज राँग.” डब्याबद्दल सांगायचं राहूनच गेलं.

ते मला बेसमेंटमध्ये घेऊन गेले. स्लाइड सुलटी घातली आणि जिन्यातली एक पायरी दाखवली, बाकीच्यांपेक्षा उंच. मुद्दाम तशी ठेवलेली आहे, असं तिकडच्या म्हाताऱ्याने त्यांना सांगितलं होतं. घरच्यांच्या पायांना ती ठाऊक असते. परका मात्र तिथे ठेचकाळतो. यावर मी एक अक्षर बोललो नाही. (शरयूला हे खरं वाटत नाही.)

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
श्रीरंग

ता.क. डिसेंबरात आम्ही येतोय. हॉटेलात उतरायला शरयूने साफ नकार दिलाय. फूटपट्टी इथेच ठेवून येतो.

ता.क. २. दादा, तुमच्या जिन्याची ती उंच पायरी कितवी हो, सहावी की सातवी? मी विसरलो. तेवढं दोन ओळींत कळवा. तुमच्या घरात मला परक्यासारखं ठेचकाळायचं नाही.