घरबसल्या ग्रंथालय आणि प्रकरण सहा

४ मार्च

झालं एकदाचं उद्घाटन! कॉम्प्युटरला फीत बांधून ती कापली. फितीबरोबर माऊसची वायरही कापली गेली असती, ग्रंथपालबाईंनी ऐन वेळी हात घातला म्हणून वाचली. प्राचार्य म्हणाले, "आजपासून जगातलं सगळं ज्ञान आपल्या दारात!" टाळ्या. फोटो. चहा. स्क्रीन चालू होता का ते कुणी पाहिलं नाही. नव्हता.

योजनेचं नाव: 'घरबसल्या डिजिटल ग्रंथालय'. आमच्यासारख्या फाटक्या कॉलेजांसाठी. मोठ्या विद्यापीठात जे मिळतं ते सगळं इथे बसून वाचायचं म्हणे. मला सगळं नको. मला एकच शोधनिबंध हवाय, सव्वीस वर्षांपूर्वीचा, नऊ पानी. सहा वर्षं त्याचा फक्त सारांश वाचतेय, कारण तेवढाच फुकट दिसतो. बाकीच्याची किंमत परकीय चलनात. नवऱ्याने एकदा रुपयांत हिशेब करून पाहिला आणि चहा ठेवायला गेला.

५ मार्च

घरून लॉगिन होत नाही. विचारलं. "घरून नाही हो मॅडम, फक्त ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवरून." म्हणजे घरबसल्याच आहे, फक्त घर ग्रंथालयात हलवायचं! अंथरूण-पांघरूण कधी आणू ते विचारायचं राहिलं.

७ मार्च

ग्रंथालयातून प्रयत्न. पासवर्ड घेतला. मग म्हणे ओटीपी टाका. तो एका मोबाइलवर जातो, शेवटचे आकडे ४१. कुणाचा नंबर? प्राचार्यांचा नाही. ग्रंथपालबाईंचा नाही. ऑफिसात सगळ्यांनी आपापले फोन काढून पाहिले. कुणाचाच नाही! वरच्या कार्यालयात फोन केला. "नोंदणीकृत नंबरवर गेलाय." कुणाचा आहे? "ती माहिती गोपनीय आहे." आमचाच नंबर, आमच्यापासूनच गोपनीय. हात टेकले.

१० मार्च

माझ्या पीएच.डी.च्या गाईडांचा फोन. प्रबंध जमा करायला वीस तारीख ही शेवटची मुदतवाढ. आणि सहावं प्रकरण काढून टाका.

११ मार्च

रागाने काल पुढे लिहिलंच नाही.

माझा विषय तळ्यातल्या गोगलगायी. त्यांच्यातून एक जंत शेळ्यांच्या पोटात जातो, शेळ्या खंगून मरतात. उपाय सगळ्या पुस्तकांत एकच: तळं तीन महिने कोरडं ठेवा, गोगलगायी मरतात. आधार? तोच नऊ पानी निबंध. गुरांचे डॉक्टर मात्र मला कधीपासून सांगताहेत, "मॅडम, लोक तळी आटवतात, स्वतः लांबून पाणी वाहतात, आणि पुढच्या वर्षी शेळ्या पुन्हा आजारी!"

म्हणून मी कोरड्या तळ्यातला चिखल खणून आणला. आठ महिने न्हाणीघराबाहेर टबांत ठेवला. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "सून डॉक्टर होतेय, चिखलाची." मग एका सकाळी पाणी ओतलं. दोनशे चाळीस गोगलगायी होत्या. दुपारपर्यंत एकशे नऊ चालायला लागल्या! सासूबाईंनीच मोजायला मदत केली. चष्मा लावून. हे सहावं प्रकरण.

गाईड म्हणतात, "तुमची मोजणी चुकली असणार. जगभर मान्य झालेल्या गोष्टीला न्हाणीघरातले टब आव्हान देणार का?"

मी म्हटलं, "सर, तो निबंध तुम्ही पूर्ण वाचलाय?"

"अहो मॅडम, तो सगळ्यांनीच वाचलेला आहे."

१७ मार्च

काढलं प्रकरण. एकतीस पानं. पृष्ठक्रमांक पुन्हा घातले. उपाय पुस्तकातलाच ठेवला: तळं कोरडं ठेवा. प्रबंध कसा सुबक दिसतोय आता! वादग्रस्त काही नाही. काहीच नाही.

२० मार्च

जमा केला. क्लार्कबाईंनी पाचही प्रतींवर शिक्के मारले. नवऱ्याने पेढे आणले. मीही खाल्ला.

२४ मार्च

प्रबंध गेला तरी खाज जात नाही. आज ग्रंथपालबाईंना एकदम आठवलं: योजनेचा अर्ज तीन वर्षांपूर्वी गेला होता! तेव्हा प्राचार्य कोण? जुने सर. निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेलेत. त्यांच्या नंबरचे शेवटचे आकडे ४१! म्हणजे जगातलं सगळं ज्ञान तीन आठवडे सरांच्या खिशात वाजत होतं.

लावला फोन. सर खूश! "अगं, बोल बोल! कॉलेजचं फाटक दुरुस्त केलं का त्यांनी?" म्हटलं, सर, तुमच्या फोनवर आकडे येतील, तेवढे वाचून दाखवा. दोन मिनिटांत टाकावे लागतात.

"हं, आले. थांब, चष्मा कुठाय... सूनबाई, माझा चष्मा! चार... सात की एक गं हे?"

मुदत संपली. दुसऱ्यांदा सरांनी फोनच बंद केला, चुकून. तिसऱ्यांदा सूनबाईंनी वाचले. उघडलं! ग्रंथपालबाई टाळ्या वाजवायला लागल्या. सर तिकडून, "काय झालं? काय झालं?" म्हटलं, सर, ग्रंथालय उघडलं. "अरे वा," म्हणाले, "मला वाटलं होतं तो अर्ज कचऱ्यात गेला." आवाज जरा ओला वाटला. रोज फोन कर म्हणाले. करावाच लागणार आहे, लॉगिन दर वेळी नवा ओटीपी मागतं.

निबंध छापून घेतला. वर्गाची वेळ झाली होती.

२५ मार्च

सकाळी ओट्याशी उभी राहून वाचला. चहा उतू गेला.

पान चार, बारीक अक्षरात. गोगलगायी काचेच्या बरणीत ठेवल्या होत्या. कोरड्या वाळूत. चिखल नाहीच! आणि किती गोगलगायी? सतरा. खाली लेखकाने स्वतः लिहिलंय, चिखलात निकाल वेगळा येऊ शकेल, तपासून पाहावं. सारांशात यातलं अक्षर नाही. सव्वीस वर्षं सगळे सारांशच वाचताहेत. सगळ्यांनी वाचलेला निबंध!

हसले. मग रडले. सासूबाईंनी विचारलं काय झालं, त्यांना सांगितलं. म्हणाल्या, "म्हणजे आपण नीटच मोजल्या होत्या."

गाईडांना फोन. म्हणाले, "मॅडम, पदवी घ्या. नंतर लिहा काय लिहायचं ते. आता परत घेतलात तर नोंदणी रद्द, सगळं पहिल्यापासून. सहा वर्षं जातील."

नंतर. आणि तोवर लोक तळी आटवत बसतील. माझा प्रबंध दाखवून!

नवऱ्याला विचारलं. म्हणाला, "टब अजून मागेच आहेत."

२७ मार्च

प्रबंध परत मागायला गेले. क्लार्कबाई म्हणाल्या, "असा अर्ज कुणी देतच नाही, आमच्याकडे नमुनाच नाही." साध्या कागदावर लिहून दिला. कारण: प्रकरण सहा खरं आहे.