भरतीच्या अकरा पिशव्या

सर, आपणांस ते ठाऊक होते की नाही, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. आपणांस जाऊन इतकी वर्षे झाली, तरी तो संशय माझ्यापाशी जसाच्या तसा आहे. मी चौथी उत्तीर्ण आहे. अर्धवट सोडलेली चौथी नव्हे. म्हणून जे लिहायचे ते क्रमाने लिहितो.

नागपूरच्या महाविद्यालयात भूशास्त्र विभागात मी परिचर म्हणून लागलो, तेव्हा समुद्र पाहिलेला नव्हता आणि आजही पाहिलेला नाही. मात्र त्याचा गाळ मी वर्षानुवर्षे धुतला. दर हिवाळ्यात कोकणातील खाड्यांमधून पेट्या येत. तो काळा, उग्र वासाचा चिखल मी मागच्या नळाखाली बारीक चाळणीवर धरीत असे. पाणी नितळ निघू लागले की चाळणीवर चिमूटभर रेती उरे. पहिल्याच आठवड्यात आपण मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलेत. पाहतो तर राजगिऱ्याहूनही बारीक दाण्यांत घरे होती. कोणी गोगलगायीसारखे वळलेले, कोणी मण्यांच्या सरासारखे, कोणाला अंगभर छिद्रे. "काय दिसून राहिलं गा?" आपण विचारलेत. लहान आकाराचे शंख दृष्टीस पडत आहेत, असे मी म्हणालो. आपण हसलात. "दृष्टीस पडून राहिले म्हणते! तू त आमच्या मास्तरपेक्षा शुद्ध बोलते. शंख नोय ते. एका पेशीचा जीव हाय, अन् पाह्य कसं घर बांधते. जीव जाते, घर राह्यते. मंग ते घर सांगते का पानी किती खारं होतं, समुद्र कुठवर आल्ता." आपण एवढे शिकलेले, आणि बोलणे असे. मला ते खटकत असे, हे आज लिहून टाकतो.

ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कवच उचलून काळ्या पट्टीवर मांडण्याचे काम मी शिकलो. माझ्या हातून कवच फुटले नाही. एकदा टेबलावर पडलेला एक दाणा मी जवळच्या पट्टीत ठेवला, तेव्हा मात्र आपण मला थांबवलेत. कोणत्या खाडीचा आहे, असे विचारलेत. मला सांगता आले नाही. "मालूम नाही त ठेवला काहून? एक दाना चुकीच्या घरी गेला त समुद्रच खोटा होते. चूक झाली त सांगून देजो गा. मी काही खात नाही तुले." हे वाक्य मी विसरलेलो नाही. त्याचा उपयोग केला नाही, एवढेच.

आणीबाणीच्या आदल्या हिवाळ्यात आपल्या संशोधक विद्यार्थिनीची पेटी आली. त्या बाई स्वतः खाडीत उतरून गाळ घेऊन आल्या होत्या. त्यांचे अक्षर सुंदर, पण ऱ्हस्वदीर्घाची शिस्त नव्हती, त्यांच्या चिठ्ठ्या मी सुधारून देत असे आणि त्या हसून म्हणत, "भाऊ, तुम्हीच लिहा आता माझा प्रबंध." पेटीत वर काचेच्या बरण्या होत्या, त्यांवर लिहिले होते: ओहोटी. ते मला खाडीकाठच्या गावाचे नाव वाटले. बरण्यांच्या खाली आणि मधल्या फटींत अकरा कापडी पिशव्या घट्ट बसवलेल्या होत्या, वाळलेल्या मातीने भरलेल्या. प्रत्येकीवर आकडा, आणि सोबतच्या चिठ्ठीवर एकच शब्द: भरती.

आपल्याकडे भरती म्हणजे काय, हे आपणांस सांगायला नको. घराच्या पायव्यात मुरूम टाकतात ती भरती. रोगी दवाखान्यात जातो तो भरती होतो. बरण्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून बाईंनी फटींत मातीची भरती घातली, असे मी समजलो आणि त्यांच्या व्यवस्थितपणाचे मला कौतुकही वाटले. आकडे मी वाण्याच्या जुन्या पिशव्यांवरचे धरले. माती नळाजवळच्या गुलाबाच्या आळ्यांत ओतली, भरपूर पाणी घातले, पिशव्या धुऊन, वाळवून, घडी करून कपाटात ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. "भाऊ, ओहोटीच्या बरण्या दिसल्या. माझ्या भरतीच्या पिशव्या कुठं ठेवल्या?" समुद्राचे पाणी रोज चढते व उतरते आणि त्या चढण्यास भरती म्हणतात, हे मी त्या क्षणी, त्यांच्या तोंडून, उभ्या उभ्या शिकलो. आपण मागे येऊन उभे होतात. आपण मला विचारलेत, आणि मी उत्तर दिले: "पेटीतील सर्व नमुने मांडणीवर ठेवलेले आहेत." व्याकरणाच्या दृष्टीने त्या वाक्यात एकही दोष नाही. कवच फुटले असते तर मी सांगितले असते, सर. परंतु मराठी शब्दाचा अर्थ मला कळला नाही, हे त्या बाईंसमोर मी कसे सांगावे?

पुढे काय झाले ते आपण जाणता. विभागातील एक अध्यापक चहा पिता पिता बोलून गेले की पोरगी चिखलात उतरलीच नसेल, किनाऱ्यावर बसून चिठ्ठ्या लिहिल्या असतील. ते बाईंच्या कानावर गेले. भरती आणि ओहोटी यांच्या गाळातील कवचांची तुलना हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय, आणि त्यातील अर्धी बाजू गुलाबाच्या मुळाशी गेलेली. त्यांचे वडील त्यांना दुसऱ्यांदा कोकणात पाठवेनात. उन्हाळ्यापर्यंत त्यांनी काम सोडले व हिंगण्याच्या बाजूला एका शाळेत शिकवू लागल्या. आपण त्यांची बाजू घेतलीत, पण मला पुन्हा एका शब्दानेही विचारले नाहीत. बाकी सर्वांना दोन-दोनदा विचारलेत. माझा संशय तेथून सुरू होतो.

एका दुपारी आपण कपाटातून एक पिशवी काढून तीत घरी न्यायची लिंबे भरलीत आणि म्हणालात, "पिशव्या चांगल्या धुतल्या गा." का म्हणालात? पावसाळ्यात आपण कप हातात घेऊन त्या आळ्यांपाशी उभे राहात आणि चपलेच्या टोकाने माती उकरीत असा. गुलाब पाहत होतात की आणखी काही? पुढच्या हिवाळ्यापासून पेट्यांवरच्या चिठ्ठ्या आपण स्वतः लिहू लागलात. तेव्हापासून भरती हा शब्द मला एकाही चिठ्ठीवर दिसला नाही; "पानी वर आलं तवाचा गाळ" असे आपल्या त्या बोलीत लिहिलेले असे. ही दया होती की टोमणा, हे मी अनेकदा ताडून पाहिले. दिवाळीला आपण घरी बोलावून मला स्वयंपाकघरात पाटावर बसवलेत, वहिनींनी पुरणपोळीवर तुपाची धार धरली, आणि आपण त्यांना म्हणालात की यांच्याइतका विश्वासाचा माणूस विभागात नाही. माझ्याकडे न पाहता म्हणालात. 

शेवटी आपण आजारी पडलात. मी दवाखान्यात आलो तेव्हा खाटेवर आपण अर्धे उरला होतात. "ये गा," आपण म्हणालात, "पाह्य, मी बी भरती झालो." आणि हसलात, खोकला येईपर्यंत. नागपुरात खाटेवरचा कोणताही माणूस हेच बोलेल. शेजारच्या खाटेवरचा पारशिवनीचा शेतकरीही तेच म्हणत होता. पण तो हसत नव्हता. आपण माझ्याकडे पाहत राहिलात. सांगून टाकायला काही सेकंद होते, सर. मी म्हणालो, "आपण लवकर बरे व्हाल." आपण डोळे मिटलेत आणि म्हणालात, "बोलते मात्र शुद्ध." चौथ्या दिवशी आपण गेलात.

पुढे काही वर्षांनी त्या बाई मला गांधीबागेत कापडाच्या दुकानात भेटल्या. सोबत मुलगी होती. तिला म्हणाल्या, "यांच्या पाया पड. यांच्या हातून एक कवच कधी फुटलं नाही." मी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले, की यांनाही आपण काही सांगून ठेवले आहे काय. काही दिसले नाही. मुलीने विचारले, आई, तू चिखलाचे काम का सोडलेस? बाई कापडाचा पोत चाचपीत म्हणाल्या, "पिशव्या हरवल्या. मलाच वाटायला लागलं होतं, मी खरंच भरल्या होत्या की नाही."

मी तेथे उभा होतो आणि मुलीला "अनेक आशीर्वाद" म्हणालो.

हे पत्र टपालात पडणार नाही, हे उघड आहे. एवढा वेळ मी आपल्यावर संशय घेत बसलो; आपणांस ठाऊक असले काय आणि नसले काय, त्याने आता कोणाचेही काही अडत नाही. बाई हयात आहेत. निवृत्त होऊन आमच्याच वस्तीत, चार गल्ल्या पलीकडे राहतात, आणि सकाळी फाटकाशी उभ्या दिसतात. आपणांस लिहिणे मला सोपे गेले, म्हणून आपणांस लिहिले.