घाटावरचा ठिपका

१८ नोव्हें. ८७, भंडारा
ताई स्टुडिओत आली होती. तिचं गाव धरणात जाणार, हे आता तिनेही मानलंय. तिला अख्ख्या गावाचा एक फोटो हवा. "माह्या घरावरचे कवेलू दिसले पाह्यजे," म्हणाली.
कॅमेरा कोणता न्यावा? नव्या पस्तीस एमएमची लेन्स चांगली, पण निगेटिव्ह एवढंसं. मोठं केलं की दाणे दिसतात. बाबांचा जुना, मोठ्या १२० फिल्मचाच नेतो. कडेला जरा मऊ येतो, पण लेन्सचं छिद्र सोळावर बंद केलं की पानन् पान दिसतं.

२२ नोव्हें.
टेकडीवर स्टँड लावला. धुकं विरेपर्यंत बसून. ताईने भाऊजींना किती हाका मारल्या, एकदा तरी फोटोत या म्हणून. हा गृहस्थ लग्नातही फोटोला पाठ करून बसलेला! "मी कायले?" म्हणत नदीवर आंघोळीला गेले. मी तीन फोटो घेतले. दोन वाऱ्याने हलले.

२६ नोव्हें.
तिसरा असा धारदार, की स्वतःवरच खूश. कवेलू मोजून घ्यावेत. फक्त घाटावर, निगेटिव्हवर, एक काळा ठिपका. वाळताना धूळ बसली असणार. गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यांवरचे डाग उडवून हाताला सवयच. चाकूच्या टोकाने खरडला, पेन्सिलीने जागा सारखी केली. प्रिंट ताईला पोचती.

९ जाने. ८८
भाऊजी गेले. शेतातून आले, आडवे झाले, उठलेच नाहीत. लिहवत नाही.

२२ जाने.
काल तेरवी. हार घालायला भाऊजींचा एक फोटो घरात नाही. ताईने भिंतीवरून गावाचा फोटो उतरवला, डोळ्यांजवळ नेऊन शोधत बसली. "घाटावर उभे होते ते. ओलं धोतर पिळत होते, मी टेकडीवरून पाह्यलं. तुह्या फोटोत काहून नाही?"
निगेटिव्हवर पांढरं काळं दिसतं; ती धूळ नव्हती, धोतर होतं. म्हणालो, एवढ्या लांबचं येत नाही. बाबांच्या लेन्सवर ढकललं मी.

३ फेब्रु.
राहवेना. ताईला सगळं सांगितलं. वाटलं, रडेल, चार शब्द सुनावेल. म्हणाली, "काहाडला तसा लावून दे."
ब्रश धुतला, प्रिंटवर द्यायला पांढरा रंग कालवला. पण कुठे? भिंग लावून निगेटिव्ह पाहिलं, खरडल्याची खूणही ठेवली नाही मी. काम चोख! मला ठिपका आठवतो, जागा आठवत नाही. ताईलाच विचारलं, कोणत्या पायरीवर.
तिने बोट ठेवलं. उचललं. दुसरीकडे ठेवलं.