प्रश्न क्रमांक ६१२

४ फेब्रुवारी, मंगळवार

हेपरिनवर उतारा — व्हिटॅमिन के! छापलंय! निळ्या जाड पुस्तकात, पान ८८. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. हेपरिनने रक्त फार पातळ झालं तर प्रोटामिन द्यायचं, हे मी १९८२ साली, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला शिकले. व्हिटॅमिन के देत बसलात तर पेशंट हातचा जाईल.

"ब्लेसी, हे काय?"

"३१४ – बी, अम्मच्ची."

"बी म्हणजे काय पण?"

"बी म्हणजे... बी. उत्तर आहे ते."

ही माझी सून. बी.एस्सी. नर्सिंग झालेली, चार वर्षं वॉर्डात राबलेली. आणि न्याहारीच्या पुट्ट्याला, तांदळाच्या पिठाला, वाफ येईपर्यंत चुलीपाशी उभी राहून काय म्हणते — तीनशे चौदा बी, तीनशे पंधरा डी!

विचारलं, हे पुस्तक लिहिलं कोणी? कोणीच नाही! गल्फच्या नर्सिंग परवान्याची परीक्षा देऊन बाहेर आलेल्या मुली समोरच्या चहाच्या दुकानात बसतात. आठवतील तेवढे प्रश्न क्लासला फोनवर सांगतात. क्लासवाले ते छापतात, उत्तरं मनाने टाकतात, पुढच्या मुली घोकतात. असे चौदाशे प्रश्न. अर्ध्या कोट्टयम जिल्ह्यातल्या मुली यावर गल्फला जातात. तिथल्या पेशंटांना देवच वाचवो.

ब्लेसी दोनदा नापास झाली. तिसरी परीक्षा १३ मार्चला, एर्नाकुळमला. तीनच संधी असतात. पास झाली तर मस्कतच्या हॉस्पिटलात नोकरी, जोबिनजवळ. नाही झाली तर तो तिथे, ही इथे. लग्नाला दोन वर्षं झाली आणि दोघं एकत्र राहिलीत एक्केचाळीस दिवस. मी मोजलेत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळच्या बसने क्लासवर गेले. क्लासचे मालक बिनोय सार खुर्चीतून उठले तरी, एवढं बरं. मी यादी पुढे ठेवली — पहिल्या पाचशेतल्या तेवीस चुका.

"राहेलम्मा सिस्टर, टायपिंगची चूक असेल."

"तेवीस?"

"शंभरातल्या नव्वद मुली पास होतात आमच्या."

"आणि त्या हेपरिनवर काय देतात?"

हसले. मग काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते — "सिस्टर, मुली उत्तर शोधायला येत नाहीत. अक्षर शोधायला येतात."

वर काळा चहा मागवला! मी प्याले नाही. माणूस हसतो कसा यावर? सव्वीस वर्षं सौदीत वॉर्ड सांभाळला मी. माझ्या वॉर्डात असं बोलला असता तर एप्रन उतरवून घरी पाठवला असता.

७ फेब्रुवारी

आजपासून मीच शिकवणार. सकाळी सहा ते आठ, स्वयंपाकघरात. निळं पुस्तक उशाखाली नाही, टेबलावर, माझ्यासमोर.

१० फेब्रुवारी

पोटॅशियम साडेतीन ते पाच. डिगॉक्सिन द्यायच्या आधी पूर्ण मिनिट नाडी मोजायची — साठच्या खाली असेल तर गोळी परत डबीत. मॅग्नेशियम चालू असताना गुडघ्यावर हातोडी मारायची — पाय उडला नाही तर थांबवायचं, कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी.

दोन इन्सुलिन एका सिरिंजमध्ये घेताना ती दरवेळी उलटं करते. शेवटी तिला विहिरीचं पाणी आणि कांजी, दोन वाट्या दिल्या. "आधी पाणी ओढ, मग कांजी. स्वच्छ आधी, गढूळ नंतर. आता विसरशील?" म्हणाली, "आता कांजी पितानाही आठवेल." पोरगी मठ्ठ नाही. घोकणारा पोपट करून टाकलाय तिचा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पुस्तक टेबलावर आपटलं.

प्रश्न ६१२ — अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या माकडहाडापाशी कातडी लाल दिसते. नर्सने काय करावं? ए — स्पिरिट-पावडर लावून मालिश. बी — ... ते जाऊ दे. छापलेलं उत्तर, सी — "मालिश करू नये, कूस बदलून दाब काढावा."

मालिश करू नये! का? कारण या मुलींना पेशंटला हात लावायचा नाही! स्क्रीन बघायची, खूण करायची, निघायचं! आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं — दर चार तासांनी पाठ. तळहातावर स्पिरिट, गोल-गोल, हाडाभोवती, रक्त खेळेपर्यंत. मग पावडर. सव्वीस वर्षांत माझ्या वॉर्डात एकाच्याही पाठीला जखम नाही. आणि घरात आमचे हे, कुरियाच्चन! अकरा महिने झाले अर्धांगवायूला, उजवी बाजू गेली, तोंडून एकेक शब्द येतो. पण पाठ बघावी कोणीही. कापसासारखी.

ब्लेसी म्हणाली, "अम्मच्ची, हे मात्र नवीन पुस्तकातही..."

"पुस्तकं कोण लिहितं? ज्यांनी जन्मात कुणाची पाठ चोळली नाही, ते!"

लाल पेनने सी खोडला, ए केला. तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं — मालिश, मालिश, मालिश.

१५ फेब्रुवारी

जोबिनचा फोन. "अम्मा, तिला जेवायला तरी देतेस ना मधे?" आईची चेष्टा करायला बरं मस्कतहून!

२० फेब्रुवारी, गुरुवार

कुरियाच्चनच्या माकडहाडापाशी लाल डाग. जुन्या नाण्याएवढा. बोटाने दाबला तरी लालच राहतो.

चादरीची घडी! दुसरं काय? ब्लेसीला सांगितलं होतं, चादर ओढून ताणून घालायची. पुस्तकात डोकं, मग काय होणार. आजपासून दोन वेळांऐवजी चार वेळा चोळायचं.

ब्लेसी दारात उभी. "थोडे दिवस थांबून बघू या का, अम्मच्ची?"

"थांबून काय बघू? भोक पडेपर्यंत?"

कुरियाच्चन म्हणाले, "पुरे." त्यांना काय कळतं. म्हटलं, तुम्ही गप्प पडा.

२५ फेब्रुवारी

कातडी सुटली. वरचा पापुद्रा गेला, ओलं दिसतंय. माझ्या घरात! माझ्या हाताखाली!

नवी चादर आणली. तिचाही पोत खरखरीत. आजकाल नीट काही मिळतच नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पंचायतीच्या पॅलिएटिव्ह पथकाची, घरोघरी खिळलेले पेशंट बघणारी नर्स आली. शाहिदा. वय अठ्ठावीस असेल, डोक्यावर स्कार्फ, स्कूटरवर पेटी. जखम पाहिली, धुतली, पट्टी केली. हात हलका आहे, हे कबूल. मग खिडकीतली स्पिरिटची बाटली दिसली.

"पाठ कोण चोळतं, अम्मा?"

"मी. अकरा महिने."

"लाल झालेली जागा चोळायची नाही हो. आधीच दबलेलं मांस असतं, चोळलं की आतून फाटतं. स्पिरिटने कातडी सुकते वेगळीच. दर दोन तासांनी कूस बदला, बस."

मला! मी विचारलं, बाई, तुझा जन्म कधीचा? म्हणाली, सत्त्याण्णवचा. मी म्हटलं, सत्त्याण्णव साली माझ्या हाताखाली चाळीस नर्सेस होत्या.

तिने पेटी बंद केली. जाताना ब्लेसीशी फाटकापाशी दहा मिनिटं कुजबुज. कशाबद्दल ते विचारायला मी गेले नाही.

बिनोय सारचं पुस्तक वाचून नोकरीला लागलेली दिसते!

१ मार्च

आज ब्लेसी स्वतःहून म्हणाली, "तुमचा खांदा दुखतो, अम्मच्ची. अप्पच्चनची पाठ मी चोळते. चोळता चोळता उजळणीही होईल माझी. दार लावून घेते, मधे कोणी आलं की विसरायला होतं."

ऐकून बरं वाटलं. शेवटी अक्कल आली. खांदा खरंच दुखतो.

४ मार्च, मंगळवार

दाराआडून आवाज येतो — थप् थप्, थप् थप्. हात चांगला बसलाय तिचा. मधेच, "अप्पच्चन, हेपरिनवर काय?" आणि यांचा अडखळता आवाज, "प्रो...टा...मिन." अकरा महिन्यांत मला चार अक्षरी शब्द ऐकवला नाही या माणसाने!

मग दोघं हसली. पाठ चोळताना हसायचं काय असतं? दारावर थाप मारली. गप्प झाली. पुन्हा थप् थप्.

ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस. मासळी नाही म्हणून कुरियाच्चन उकडलेल्या कप्प्याच्या कंदाकडेही बघत नसत. आज वाटीभर खाल्ला.

८ मार्च

शाहिदा आली. पट्टी सोडली. कडा आत आल्यात, ओल गेली, गुलाबी कातडी धरलीय. मी मुद्दाम तिथेच उभी राहिले. म्हटलं, "बघ. रोज चार वेळा चोळून घेते सुनेकडून. पुस्तकात लिही आता."

तिने ब्लेसीकडे पाहिलं. ब्लेसीने भिंतीकडे. मान खाली घालून गेली बिचारी शाहिदा. चूक कबूल करायला तोंड लागतं, ते या पिढीला नाही.

११ मार्च

आज शेवटची उजळणी. मी मुद्दाम मधूनच विचारलं — ६१२?

ती उठली. "अम्मच्ची, चहा ठेवू?"

"६१२!"

"मालिश," म्हणाली. तोंड असं केलं, जणू कडू काढा प्याली. घाबरलीय. घाबरायचं काय, मी आहे ना!

१३ मार्च, गुरुवार

पहाटेच्या गाडीने एर्नाकुळम. शेजारची लीलाम्मा कुरियाच्चनपाशी बसली. परीक्षेच्या इमारतीबाहेर दोन तास चाळीस मिनिटं उभी होते. समोर चहाचं दुकान. तिथे क्लासची माणसं आधीच बसलेली, वही उघडून! मुलगी बाहेर आली की घेरतात. "किती आठवतात? सांग, सांग!" मी एकाची वही हातातून काढून बंद केली. म्हणाला, "तुम्ही कोण?" म्हटलं, "तुझ्या पुस्तकातल्या चुका मोजणारी."

ब्लेसी आली. पांढरीफटक. मग कागद दाखवला. पास! पास!

तिथेच रस्त्यावर तिच्या कपाळाचा मुका घेतला. मी कधी असलं करत नाही.

बसमध्ये विचारलं, "६१२ आला होता?"

"सांगायचं नसतं, अम्मच्ची. आत सही घेतात."

बरोबर! अगदी बरोबर! सगळ्या अशा वागल्या असत्या तर ते निळं पुस्तक निघालंच नसतं. या पोरीला मीच घडवलं, असं मनात येऊन गेलं.

१४ मार्च

जोबिन फोनवर रडला. पुरुषासारखा पुरुष! त्याला झापलं, मग फोन ब्लेसीकडे दिला आणि अंगणात जाऊन उभी राहिले.

१७ मार्च, सोमवार

ब्लेसी कागदपत्रांवर शिक्के घ्यायला तिरुअनंतपुरमला गेली, तीन दिवस. निघताना काहीतरी सांगायचं होतं तिला. दोनदा पायरीवरून परत आली. "अम्मच्ची, अप्पच्चनचं..." मी म्हटलं, तू जन्मायच्या आधीपासून पाठी चोळतेय मी, बस चुकेल, जा.

दुपारी स्पिरिटची बाटली काढली. भरलेली. ब्लेसीने चोळायचं काम घेतलं त्या दिवशी होती तेवढीच, गळ्यापर्यंत. झाकणावर धूळ.

कुरियाच्चनना वळवलं. जखमेची जागा कोरडी, बंद. तळहातावर स्पिरिट ओतलं तेवढ्यात ते म्हणाले, "ती... चोळत... नव्हती."

"मग आवाज कसला यायचा?"

त्यांनी डावा हात उचलला आणि गादीवर आपटला. थप् थप्. वर माझ्याकडे बघून हसले.

हात धुऊन आले.

३.१० — डावी कूस, पाठीशी उशी. ५.१० ला उजवी.