दोरीवरची दुपटी

प्रिय ठमे,

पाकिटावर माझं अक्षर बघून आधी दचकली असशील, मग आईला या वयात पत्रं लिहायची हुक्की आली म्हणून नवऱ्यापाशी हसली असशील. हस. पण शेवटपर्यंत वाच आणि मध्येच फोन उचलू नकोस. हाताशी फोन असताना पत्र कशाला, ते मी शेवटी सांगणार आहे. आधी सांगितलं तर मधलं तू वाचणारच नाहीस. लहानपणी गोष्टीचं शेवटचं पान आधी उघडायचीस, ती खोड काही गेली नसणार.

दुपार आहे. मी आरोग्य केंद्रात, बाळंतिणीच्या खोलीत खिडकीपाशी टेबल ओढून बसलेय. या खोलीत हल्ली मला कुणी हाक मारायला येत नाही. बाहेर व्हरांड्यात गुडघेवाले, बीपीवाले आणि नुसतेच गप्पांना आलेले अशी आमची नेहमीची मंडळी आहेत. त्यांना बसायला शाळेतले बाक आणलेत. शाळेत आता दोन-दोन वर्ग एका खोलीत बसवतात, तेव्हा उरलेले बाक इकडे पाठवले, तेही पहिली-दुसरीचे. आपले रिटायर पोस्टमन त्यावर बसले की त्यांचे गुडघे हनुवटीला लागतात आणि उठवायला दोघं लागतात. तरी रोज हजर. काय होतंय म्हणून विचारलं तर म्हणतात, काही होत नाही बाई, तेच तर होतंय. मी आपली त्यांचं बीपी बघते आणि घरी पाठवते.

जिल्ह्याच्या कचेरीतून लोकसंख्येच्या कामाला एक साहेब आला होता, ते तुला फोनवर सांगितलं होतं. तरुण आहे, वागायला चांगला आहे, पण बोलणं सगळं टक्क्यांत, म्हणून गावाने पहिल्याच दिवशी त्याचं नाव टक्केवारी ठेवलं. घरोघर फिरला, शेवटी आपल्याकडे चहाला आला. सगळ्या जिल्ह्यात जन्मापेक्षा मृत्यू जास्त झालेत, शिकलेली पोरं बाहेर जातात ती परतत नाहीत, मागे राहतात त्यांत म्हाताऱ्या बायका सगळ्यात जास्त, आणि कितीतरी घरांत एकच माणूस राहतं, असं सगळं त्याने मला स्वयंपाकघरात बसून समजावून सांगितलं. मी म्हटलं, अहो, एवढ्यासाठी इतके उन्हातान्हात फिरलात? आमच्या शिंप्याला विचारायचं. त्याच्याकडे नवं शिवायला कुणी टाकतच नाही. जो येतो तो जुने कपडे आत घ्यायला येतो, कारण माणसं वाळत चाललीत. तो हसला, आणि मग त्याने विचारलं, या घरात किती जण? मी एक म्हटलं. त्याने ते लिहिलं आणि एक नजर टेबलाभोवतीच्या चार खुर्च्यांवर टाकली. मला त्याचा असा राग आला की काय सांगू, आणि त्या रागातच मी त्याला आणखी एक कप चहा दिला.

मग तो ही खोली बघायला आला. टेबल, दिवा, पाळणा, सगळं जागच्या जागी आहे. नाही ती फक्त बाळंतीण. गावात ज्या दोन-चार पोरींना दिवस जातात, त्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नाव घालतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. टक्केवारी म्हणाला, वर्षअखेरपर्यंत इथे एक तरी बाळंतपण झालं तर मी खोलीसाठी शब्द टाकीन, नाहीतर ती बंद होईल आणि म्हाताऱ्यांना चालायचा सराव करायला इथे लोखंडी कठडे बसतील. वावगं असं काही बोलला नाही. खरं सांगायचं तर कठड्यांची गरज जास्त आहे. मला चिडायला हवं होतं, भांडायला हवं होतं, तू ओळखतेस मला. पण मी नुसती स्टुलावर बसले. अर्धं गाव या खोलीत माझ्या हातांवर आलंय, तूसुद्धा याच टेबलावर झालीस, आणि मला काही वाटलं असेल तर फक्त थकल्यासारखं वाटलं.

आता झाली ती गंमत ऐक. साहेब दुसऱ्या दिवशी कपाटही तपासणार होता, म्हणून तो गेल्यावर मी आणि आपल्या आयामावशींनी ते उघडलं. आतल्या दुपट्यांना, झबल्यांना, टोपड्यांना कुबट वास मारत होता. सगळी उकळून काढली, धुतली आणि गच्चीवर दोरीला टाकली. इतकी वर्षं इथे काढून आमच्या डोक्यातच आलं नाही! तुला आठवतं ना, शाळेतून येताना कोपऱ्यावरूनच तू आधी दवाखान्याच्या गच्चीकडे बघायचीस. दोरीवर दुपटी दिसली की समजायचीस, आईला आज उशीर आणि जेवण शेजारी. तू काय, सगळं गावच दोरी बघायचं. एक दुपटं दिसलं की पाववाला गरम पाव पाठवायचा, आणि मुलगा की मुलगी हे कळायच्या आधी बाजारात बाळाला दोन-तीन नावं ठेवून झालेली असायची. गेल्या थंडीपासून ती दोरी रिकामी. आणि त्या दिवशी पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत भरलेली.

गावाला वाटलं, जुळं नव्हे, तिळं झालं. अर्ध्या तासात व्हरांडा भरला. पाववाला टोपलीभर पाव घेऊन आला, त्याची बायको मागोमाग. सुतार हातातला रंधा तसाच घेऊन आला. न्हावी गिऱ्हाइकाला खुर्चीत सोडून धावला आणि ते गिऱ्हाईक अर्ध्या तोंडाला साबण घेऊन त्याच्या मागे. पोस्टमनांनी कुठून कोण जाणे एक खुळखुळा आणला होता. मी ओल्या हातांनी दारात आले आणि म्हटलं, बाळ नाही हो, कुणी झालं नाही, नुसते कपडे धुतलेत. ठमे, पाववाल्याने टोपलीवर परत फडकं टाकलं. सगळे रागावले असते, मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. पोस्टमनांनी खुळखुळा एकदाच हलवून बघितला आणि खिशात टाकला. तेवढ्यात पाववालीला सुचलं. ती म्हणाली, पण बाई, तुमच्या ठमीला दिवस गेलेत ना?

त्यानंतर जे सुरू झालंय ते विचारू नकोस. टक्केवारीची अट गावभर झालेलीच होती. मला कुणी विचारलंही नाही, गावाने ठरवूनच टाकलं की तू बाळंतपणाला इथे येणार, या खोलीत मोकळी होणार आणि खोली वाचणार. सुताराने पाळण्याची डुगडुग काढली. न्हाव्याने दुकान बंद ठेवून भिंतींना रंग दिला, अर्धा स्वतःच्या डोक्याला दिला, पण दिला. बसचा ड्रायव्हर म्हणतो, ठमीताई बसल्या की मी गाडी अशी आणीन की कपातला चहा हिंदकळायचा नाही. आणि शाळेतल्या बाईंनी तर सहा वर्षांनी पहिलीच्या वर्गात कोण कोण असेल याच्या हिशेबात तुझं बाळ धरूनसुद्धा टाकलं. त्यांना म्हटलं, अहो, ते तिच्याबरोबर परत जाईल की. तर म्हणाल्या, ते नंतर बघू.

आणि मी? मी काय शहाणी होते होय! मी तुझी कॉट खिडकीपाशी सरकवली. गादीला ऊन दिलं. लोकर आणली आणि मोजे विणायला घेतले, एक झालाय, दुसरा त्याच्यापेक्षा मोठा होतोय. बाबा गेल्यापासून मी रात्रीचं उभ्याउभ्याच जेवते, ते मी खुर्चीवर बसून जेवायला लागले. तू येणार, महिना दोन महिने राहणार, घरात कुणीतरी रडेल, रात्री दिवे लागतील, मला उठवायला कुणी असेल. खूप दिवसांनी मला कसली तरी घाई होती. मी आनंदात होते, ठमे. खोलीचं निमित्त, मला तू हवी होतीस.

मग त्या रविवारी तुझा फोन आला. तू हसत हसत सांगितलंस, आई, एकही चप्पल पायात जात नाही, अंगठी साबण लावून काढावी लागली, डॉक्टर म्हणतात बीपी जरा वरच आहे, आराम करा. मग म्हणालीस, आई, मी तिकडेच येऊ का गं? मी म्हटलं, बघू. आणि चपलांवरून मीही हसले. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जमिनीवरच बसून राहिले. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मुलींचे पाय दाबून सूज बघत आले. सहाव्या महिन्यात एवढी सूज आणि वर बीपी, हे ऐकल्यावर कुणाही मुलीला मी काय सांगितलं असतं, ते मला सांगायला कुणी लागत नव्हतं.

गेल्या थंडीत पाववाल्याची सून इथे बाळंत झाली. या दोरीवरचं शेवटचं दुपटं तिच्या बाळाचं. ते पोर आता बेकरीत पिठात लोळतं आणि गावाला तेवढंच आठवतं. मला गाडी आठवते. बाळ झालं आणि तिचा रक्तस्राव थांबेना. डॉक्टर एक दिवसाआड येतात, तो दिवस त्यांचा नव्हता. रक्त इथे ठेवतच नाहीत. तिला गाडीत घातलं आणि नदीचा पूल येईपर्यंत, पूल ओलांडून मोठ्या दवाखान्याच्या दारापर्यंत मी मुठीने तिचं पोट दाबून धरून बसले होते. माझे हात बधिर झाले, तरी सोडले नाहीत. ती वाचली. सगळे म्हणाले, बाईंच्या हाताला यश आहे. पण त्या दिवशी जरा इकडचं तिकडे झालं असतं तर ती गेली असती, हे मला ठाऊक आहे. आणि तेव्हापासून पेला धरला की माझा उजवा हात थरथरतो, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आज तुला सांगते.

म्हणून हे पत्र. तू येऊ नकोस. तुझ्या दवाखान्यात चोवीस तास डॉक्टर आहेत, रक्त आहे, तिथेच थांब, आणि मीठ कमी कर. तुला फोन येतील. न्हाव्याने माझ्याकडून तुझा नंबर घेतलाय, पाववाली तर रडेलसुद्धा. त्यांना गोड बोल आणि येऊ नकोस. हे फोनवर सांगायचं मी दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा धीर झाला नाही, कारण तू पुन्हा एकदा आई, येऊ का म्हणालीस तर मी ये म्हणेन. मला खात्री आहे मी म्हणेन. तेव्हा फोनवर मी काहीही बोलले तरी ते खरं धरू नकोस, या पत्रात आहे ते धर. हे पेटीत टाकलं की मी व्हरांड्यात जाऊन सगळ्यांना सांगणार आहे. काही दिवस मला शिळा पाव मिळेल, मिळू दे. खोलीत कठडे बसतील, मग पोस्टमनांना तरी उठायला काही धरायला होईल. रजेचा अर्ज मी सकाळीच दिला. तुझ्याकडे आले की किती दिवस राहीन ते मलाही ठाऊक नाही, आणि टक्केवारी पुन्हा फिरकला तर आपल्या दारावर त्याला कुलूप दिसेल. आयामावशींना मी एक सांगून ठेवलंय. तुझं सुखरूप झालं की पहिला फोन त्यांना करणार, तुझ्या सासूबाई रुसल्या तरी चालतील. मावशी गच्चीवर जातील आणि एक दुपटं ओलं करून दोरीवर टाकतील. लोक धावत येतील. मावशी म्हणतील, या खेपेला खरंच झालंय, फक्त इथे नाही. तेवढं बघायला मी तिथे नसेन, याचं मात्र वाईट वाटतंय. तू येऊ नकोस, ठमे. मीच येते.

तुझीच,
आई