हिवाळा न काढणारा आर्चबिशप

३ ऑक्टोबर १७२९

सुटले बिचारे! आर्चबिशप आज सकाळी गेले. दुपारी आम्हा सगळ्या कॅननांसमोर त्यांची मोहर हातोड्यानं फोडली. चांदीची होती, दोन-तीन घावांत तुटली. आता नवा निवडून येईपर्यंत या मुलखावर राज्य आमचं, म्हणजे कॅथेड्रलच्या चोवीस म्हाताऱ्या पाद्र्यांचं. आणि वेशी बंद! जुना रिवाज आहे – निवडणूक होईपर्यंत एकाही कॅननानं शहराबाहेर पाऊल टाकायचं नाही. बाहेरचे राजे आम्हाला गाठून फितवतील म्हणे. आत येऊन फितवतात ते चालतं.

माझी पेटी बांधून तयार होती. उद्या बहिणीकडे, वाल्बुर्गाकडे निघणार होतो. कायमचा.

५ ऑक्टोबर

वाल्बुर्गाचा कारभारी योस्ट नदीपलीकडून आला. आत सोडलं नाही. वेशीच्या झरोक्यातून बोललो. टोपी कुरवाळत म्हणाला, "बाईसाहेबांनी अंथरूण धरलंय मालक. म्हणाल्या, लुडीला सांग, आता येतोस तर ये. मग आलास काय नि न आलास काय."

पेटी तशीच बांधलेली ठेवली आहे.

नऊ वर्षांचा होतो मी. थोरल्याला जमीन आणि धाकट्याला देव, असं आमच्या घरात ठरलेलं. खापरपणज्यांच्या पिढीतले सोळाच्या सोळा पूर्वज खानदानी आहेत हे सिद्ध केलं, डोक्यावरचे केस कापले, झालो कॅनन! मला कुणी विचारलंसुद्धा नाही. गाडी निघाली तेव्हा वाल्बुर्गा चिखलातून मागं धावत आली होती. आता थोरला गेला, वाड्यात ती एकटी. यंदा द्राक्षं उतरली की मी इथलं सोडून तिच्याकडे जायचं, असं वसंतातच ठरलं होतं आमचं.

९ ऑक्टोबर

पहिलं मतदान. निष्पन्न काही नाही. आमचा प्रमुख, डीन एबरहार्ड, सम्राटाचा माणूस, खजिनदार कूनो फ्रान्सचा. निम्मे इकडे, निम्मे तिकडे, आणि निवडून यायला तर तिनांतले दोन वाटे मतं लागतात. दोघेही खुशीत. दोघांनाही वाटतं, समोरचा थकेल.

१० ऑक्टोबर

डीनकडे गेलो. चार दिवसांची सुट्टी द्या म्हणालो, बहीण मरायला टेकली आहे.

"लुडॉल्फ, लेका, निवडणूक आली की प्रत्येकाचंच कुणीतरी मरायला टेकतं. कूनोची तर आई टेकलीय. ती तेरा वर्षांपूर्वीच गेली!"

मग म्हणाला, रिवाजात एकच वाट आहे. कॅनन स्वतः मरणाच्या दारात असेल तर त्याला घरी जाऊन डोळे मिटता येतात. आणि हसला.

१७ ऑक्टोबर

कॅथेड्रलमध्ये पहाटेच्या प्रार्थनेला वारा नुसता कापत जातो. सर्दी झाली आहे. खोकलो तर दोघा-तिघांनी वळून पाहिलं.

हं.

१९ ऑक्टोबर

आज जरा जास्तच खोकलो. गुडघ्यावर बसलो तो उठलोच नाही. दोघांनी धरून घरी आणलं. माझं घर बघणारी उर्सुला दारातच उभी! "सकाळी तीन अंडी खाऊन गेलात की!" म्हणाली. तिला गप्प केलं.

२१ ऑक्टोबर

डॉक्टर मेल्शियर जुना मित्र. त्यानं छाती तपासली, जीभ पाहिली, म्हणाला, "घोड्यासारखा आहेस." मी वाल्बुर्गाचं सांगितलं. सगळं सांगितलं. रडलो, लपवत नाही. त्यानं जाऊन दार लावून घेतलं. मग विचारलं, "किती मरायला आला आहेस म्हणून सांगू?"

ठरलं – हिवाळा काढणार नाही.

२४ ऑक्टोबर

मेल्शियरनं सभागृहात बायबलवर हात ठेवून शपथेवर सांगितलं. माझ्यासाठी बिचाऱ्यानं आत्मा गहाण टाकला! मी खुर्चीत घोंगडी पांघरून बसलो होतो, उर्सुलानं गालांना पीठ चोळलं होतं. कूनो आणि डीननं एकमेकांकडे पाहिलं. या महिन्यात पहिल्यांदाच. "विचार करून सांगतो," डीन म्हणाला.

यात विचार काय करायचा?

१ नोव्हेंबर

अजून विचारच चालू आहे. जो तो भेटायला येतो, सगळे अंगात संत शिरल्यासारखे गोड वागतात. एकानं वाईन आणली, एकानं पायाला लोकर. भूक लागली तरी खायची चोरी. उर्सुला पावाच्या खाली सॉसेज दडवून आणते. योस्टचा पुन्हा निरोप नाही. ती आहे की नाही तेही कळत नाही.

११ नोव्हेंबर

संत मार्टिनचा दिवस. सगळ्या शहरात बदक भाजल्याचा वास, आणि मी पेज पितोय!

दुपारी डीन आणि कूनो एकत्र आले. एकाच दारातून! डीननं माझा हात हातात घेतला. कूनोनं चक्क छातीला कान लावला. "फार घरघरतंय," तो समाधानानं म्हणाला. "उद्या सकाळी ये सभागृहात. सुटका करतो तुझी." दोघं गेल्यावर मी उर्सुलाला पेटी खाली उतरवायला सांगितली. आनंदानं खरोखरीचाच खोकला आला.

१२ नोव्हेंबर

मला आर्चबिशप केलं.

१३ नोव्हेंबर

काल लिहवेना. आज सगळं लिहितो.

दोघांनाही वेळ हवा होता. डीनला व्हिएन्नाहून कुमक, कूनोला पॅरिसहून. तोवर गादीवर कुणीतरी बसवायचं – हिवाळ्यात मरेल असं. वसंतात पुन्हा मैदान मोकळं! आणि डॉक्टरनं शपथेवर सांगितलेला असा एकच माणूस त्यांच्याकडे होता. माझं नाव आलं तेव्हा मला आधी वाटलं, रजेचंच चाललंय. मी मान डोलावली!

मग कळलं. मी म्हणालो, नको. डीन कानाशी वाकला. "नाही म्हणालास तर पुन्हा पहिल्यापासून. वेशी नाताळपर्यंत बंद. हो म्हण, आज उघडतात." मी ठणठणीत आहे असं ओरडावंसं वाटलं. मेल्शियर दाराशी उभा होता, पांढराफटक. शपथ खोटी निघाली असती तर त्याला शहरात कुणी दारात उभं केलं नसतं. त्याहून वाईटही झालं असतं.

आणि वेशी त्याच दिवशी उघडणार होत्या. संध्याकाळी वाल्बुर्गापाशी असतो! मी हो म्हणालो.

मग शपथ घ्यायला पुढं केलेली कलमं डीननं भराभर वाचली. मी बाहेरच्या गाडीचा आवाज ऐकत होतो. गाडीपाशी गेलो तर पहारेकरी आडवा झाला. आर्चबिशपनं कॅननांच्या संमतीशिवाय हा मुलूख सोडायचा नाही – हे कलम मीच तासाभरापूर्वी मान्य केलं होतं. वाल्बुर्गाचं घर नदीपलीकडे, दुसऱ्या राजाच्या हद्दीत. "संमती देऊ की," कूनो म्हणाला. "सगळे एकमतानं हो म्हणाले की." डीनचं आणि त्याचं पुन्हा कशावर एकमत होणार!

मी जिन्यातच बसकण मारली. नवा आर्चबिशप पायरीवर बसून रडतो आहे, हे बघून लोकांना भरून आलं.

१५ नोव्हेंबर

पाथरवट आला. माझं माप घ्यायला! माझ्याआधीचे सगळे कॅथेड्रलच्या खांबाखांबाला दगडाचे होऊन उभे आहेत. एक लढाईत मेला, एकाला जेवणातून विष दिलं, एकानं उभ्या जन्मात एकदाही मिस्सा-प्रार्थना म्हटली नाही. सगळ्यांचे चेहरे सारखेच पवित्र. कूनोनं दगडही निवडून ठेवलाय. पाथरवट म्हणाला, "जरा ताठ उभे राहा, मालक. तब्येत चांगली दिसतेय की!"

योस्टला शोधायला वाल्बुर्गाच्या वाड्यावर माणूस पाठवला होता. परत आला. बाईसाहेब घरी नाहीत, एवढंच त्याला सांगितलं. दफनभूमीत विचारायचं त्याला सुचलं नाही. मला विचारायचं धाडस नाही.

१६ नोव्हेंबर

वाल्बुर्गा आली. स्वतःच्या पायांनी, घोट्यापर्यंत चिखल, तीन जिने न थांबता चढून! आत आली ती माझ्या पायांशीच कोसळली, माझे हात धरून हमसाहमशी रडायला लागली. मला वाटलं, मरताना माझ्याकडे आली.

"अगं, तू अंथरूण धरलं होतंस ना?"

"कुठलं अंथरूण! मी कधी पडले? ते चोर तुला एरवी सोडणार नाहीत म्हणून तसं सांगायला लावलं मी योस्टला. पण तू रे, लुडी? सगळा बाजार सांगतोय, तू हिवाळा काढत नाहीस म्हणून! खरं सांग मला."

मी तिला खरं सांगितलं.

तिनं माझे हात सोडले. मग उठली, डोळे पुसले आणि खिडकीजवळच्या बाकावर बसली. मीही बसलो. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली, तेव्हा कॅनन मला घ्यायला आले.