सव्वाबाराची बदली

सोमवार, २
आजपासून मी नोकरदार! दिवसाला चार तास, तेही घरबसल्या आणि माझ्या सवडीने. लोकांच्या तक्रारींचे फोन ऐकायचे आणि टाइप करून पाठवायचे. मागच्या खोलीत टेबल मांडलं. नवऱ्याने खुर्चीला उशी बांधून दिली आणि मला 'साहेब' म्हणायला लागला. कामावरच्या बाई फोनवरच भेटतात. त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं, सव्वाबाराला लेकीला, चिमणीला, बालवाडीतून आणायचं असतं, त्या वेळी मी नाही म्हणजे नाही. त्या म्हणाल्या, वेळ तुमचीच आहे.

गुरुवार, ५
कामावरून एक फॉर्म आला. कोणत्या वेळी काम करणार नाही, का, आणि ते घरचं काम दुसऱ्या कोणाला करायचं झालं तर काय माहीत हवं. चिमणीबद्दल लिहायला मला काय, निमित्तच हवं! ती परक्या माणसाबरोबर पाऊल टाकत नाही. डावा हात धरून तीनदा दाबायचा, मग निघते. वाटेत कुत्रा दिसला की कडेवर घ्यायचं. पानभर लिहिलं आणि पाठवून दिलं.

बुधवार, ११
स्क्रीनवरच्या कामाच्या वेळांच्या तक्त्यातले माझे मोकळे चौकोन रोज एकेक करून भरलेले दिसतात. मी भरत नाही. आज अकरा ते बाराही गेले. बाई म्हणतात, काम वाढलंय, सांभाळून घ्या. किती सांभाळायचं? खुर्चीतून उठलं की स्क्रीनवरचा दिवा लाल होतो आणि फोन वाजतो. पाणी प्यायलासुद्धा चोरासारखं जायचं. डोकं फिरलंय माझं.

सोमवार, १६
सव्वाबाराचा चौकोनही भरला. कडाकडा भांडले. बाई शांतपणे म्हणाल्या, "त्या वेळेची काळजी करू नका. बदली दिली आहे." कसली बदली, हे विचारेपर्यंत फोन बंद.
धावत बालवाडीत गेले. तिथल्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, आत्ताच तर तुम्ही तिला घेऊन गेलात.
घराचं कुलूप तसंच होतं. आत चिमणी खेळत बसलेली, हातपाय धुतलेले. कोणी आणलं विचारलं तर हसली. म्हणे, तूच.
मला भीती वाटते.

मंगळवार, १७
राजीनामा पाठवला. उत्तर आलं, तुमचे चोवीसही तास भरले आहेत.
नवरा दाराशी डोकावून म्हणाला, आज जेवताना किती खूश होतीस.
मी जेवलेच नाही. मी दिवसभर इथेच—

बुधवार
दार आतून उघडत नाही. हाका मारल्या. बाहेर सगळे हसतायत. दिवा लाल. फोन वाजतोय—

गुरुवार, सव्वाबारा वाजून गेले
घराचं कुलूप उघडलं. दोघींची पावलं. दार बडवलं, जीव तोडून बडवलं. पावलं दाराशी थांबली.
"आई, आत कोण आहे?" चिमणीने विचारलं. मला नाही.
आणि माझ्याच आवाजात कोणीतरी तिला म्हणालं, कोणी नाही गं, ती कामाला—